स्टेशनमास्तरांचा उजवा कान

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे तूर्त राखून ठेवते, का ते पुढे कळेल.

आधी माझी तक्रार नोंदवून घे. शाळा सुटल्यावर माझ्या मधल्या बोटावरचा पेनाचा घट्टा हळूहळू जिरला होता. माझ्या आयुष्यात आपणहून सुटलेला तो एकमेव प्रश्न. तुझ्या वकीलबाईंच्या कृपेने तो परत उगवला आहे. फोनवर बोलायचं नाही, मेसेज नाही, मेल नाही, कारण तुझा फोन उद्या कोर्टात मागतील. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या बाईने दिव्याखाली मान मोडून पत्रं लिहायची. पत्रंही मागतील म्हणा, पण माझं अक्षर वाचायला त्यांना दुभाषी लागेल, एवढाच काय तो दिलासा.

थट्टा पुरे. साहेबांकडे अकरा वर्षं कानाची यंत्रं बसवून तू नोकरी सोडलीस आणि शिवणयंत्रांच्या दुकानावरच्या खोलीत स्वतःची पाटी लावलीस, इथवर मला ठाऊक होतं. आता त्यांनी दावा लावून कोर्टामार्फत नोटीस धाडली आहे, की तू त्यांच्या गिऱ्हाइकांची माहिती उचलून नेलीस, तेव्हा दुकान बंद कर आणि नुकसान भरून दे. तुझं म्हणणं, की तू काहीच नेलं नाहीस, सगळी माणसं तुला तोंडपाठ आहेत. आणि हेच तू सव्वीस तारखेला शपथेवर लिहून देणार आहेस.

बाबा रे, मी विमा कंपनीत तक्रारींना उत्तरं देते. दिवसभर लोकांच्या सबबी वाचते. खऱ्या सबबीत नेहमी काहीतरी मोडकंतोडकं असतं. खोटी सबब इस्त्री करून येते. तुझ्या पत्राला कुठे सुरकुतीच नव्हती.

दुकान गेलं तर आपण रडू आणि दुसरं काहीतरी करू. पण शपथेवर खोटं लिहिलंस तर भांडण साहेबांशी राहत नाही, कोर्टाशी होतं, आणि तिथून माणूस थेट तुरुंगातही जातो. म्हणून नोटिशीची नक्कल पाठव, आणि तू गिऱ्हाइकांना नेमकं काय लिहिलं होतंस तेही.

तुझ्या बायकोला, आपल्या धाकटीला, आणि माझ्या भाचीला खूप प्रेम. तुझ्यावरचा लोभ शाबूत आहे, फक्त चौकशी चालू आहे.
तुझी,
ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. राखून ठेवलेले आशीर्वाद व्याजासकट घेईन.

तू मला तुझ्या त्या तक्रारदारांच्या रांगेत उभं केलंस याचं वाईट वाटलं. मी चोर नाही. नोटिशीची नक्कल सोबत आहे. वाचून तुझाच संताप होईल. नोकरीला लागताना माझ्याकडून एक करार सही करून घेतला होता म्हणे, त्यात गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, कानांच्या तपासणीचे आलेख हे सगळं त्यांच्या मालकीचं लिहिलंय. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो ग, पगाराचा आकडा सोडून दुसरं काय वाचणार होतो?

आणि मालकीचं म्हणजे काय? तो गुलाबी लगदा लोकांच्या कानात भरून साचे कोणी घेतले? मी. आजोबांना यंत्र नको असायचं, सुनेला हवं असायचं, त्यांच्यात तडजोड कोणी घडवली? मी. साहेब काचेच्या खोलीत बसून नुसत्या दरपत्रकांवर सह्या करायचे. मला माणसं चेहऱ्यांवरून नाही, कानांवरून आठवतात. रस्त्यात पाठमोरा माणूस दिसला तरी कानाची पाळी बघून ओळखतो.

दुकान उघडलं तेव्हा मी सगळ्यांना कार्डं पाठवली. पाटी कोण वाचतो आमच्या गल्लीत येऊन? नुसतं छापील कार्ड लोक फेकून देतात, म्हणून प्रत्येकावर हाताने ज्याचा त्याचा मजकूर लिहिला: तुमच्या उजव्या कानास माझा नमस्कार, यंत्राची तपासणी नव्या दुकानात मोफत. ज्याचा डावा त्याला डावा. लोकांना इतकं आवडलं! महिनाभर जिन्यावर रांग होती. खालचे शिवणयंत्रवाले म्हणाले, की अहो, तुम्ही बहिऱ्यांची यंत्रं विकता आणि ओरडायचं मात्र आम्हाला लागतं.

त्यांतलंच एक कार्ड साहेबांनी नोटिशीला पुरावा म्हणून जोडलंय. कोणा निवृत्त स्टेशनमास्तरांना पाठवलेलं. बघशीलच.

वकीलबाई म्हणतात, की आठवणीवर कोणाची मालकी नसते. तसं शपथपत्र दिलं की झालं. तू उगीच जीव खाऊ नकोस, माझा आणि तुझाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, उरलेल्या निम्म्यांचेही निम्मे.

नोटीस वाचली. संताप झाला, पण तू ठरवलेल्या माणसावर नाही.

कार्ड उघडं होतं ना? पाकिटात नव्हतं? म्हणजे कोणाचा कोणता कान गेलाय हे टपालवाल्यापासून जिन्यात पत्रं उचलणाऱ्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळवून झालं. आमच्याकडे लोक मूळव्याधीची बिलंसुद्धा दुहेरी पाकिटात पाठवतात. तुझ्या त्या करारात कान साहेबांच्या मालकीचे म्हटलेत, तू म्हणतोस तुझ्या. ज्यांच्या डोक्याला ते चिकटलेले आहेत त्यांना कोणी विचारलेलं दिसत नाही.

आमच्या कायदे विभागातल्या गृहस्थांना मी एका मैत्रिणीच्या भावाची गोष्ट म्हणून विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ती मैत्रीण कोण हे त्यांना कळलं असावं. त्यांचं म्हणणं असं: अकरा वर्षांत हातात आलेलं कसब तुझं. पाटी लाव, वर्तमानपत्रात जाहिरात दे, कोणी आपणहून आलं तर त्यावर भांडता येतं. पण नावं, पत्ते आणि आलेख नकलून आणून त्यांवरून लोकांना गाठलंस, तर कराराचा भंग तर झालाच, वर लोकांच्या आजाराची माहिती वापरल्याचा वेगळा ठपका. आणि तशी नक्कल कुठे असेल तर ती आता पुसायचीही नाही, फेकायचीही नाही. नोटीस आल्यावर पुरावा नाहीसा करणं म्हणजे एका खड्ड्यातून निघायला दुसरा खणणं. हे दोनदा वाच.

आता एकच विचारते. तुझी सगळी कार्डं हिंडली असतील, मग साहेबांनी पुरावा म्हणून नेमकं या स्टेशनमास्तरांचंच का निवडलं? त्यांची तक्रार जोडलेली नाही, नुसतं कार्ड आहे. हे गृहस्थ तुला कसे आठवतात ते जरा सविस्तर लिही. दिसायला कसे, कधी आले होते, काय बोलले. मला कुतूहल आहे असं समज.

लोभ आहे; तो जागा ठेवणं तुझ्या उत्तरावर आहे.
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. हे पत्र मी दात आवळून लिहितोय, तेव्हा अक्षर तसंच येईल.

आठवण तपासायची तर तपास. स्टेशनमास्तर म्हणजे उंच, किंचित वाकलेले. उजवा कान गाड्यांच्या शिट्ट्यांनी गेलेला. दोन वर्षांपूर्वी थंडीत आले होते, गळ्यात करडा मफलर होता. बसल्या बसल्या दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे, जुनी सवय. लगदा कानात भरताना गुदगुल्या होतात म्हणून हसले आणि साचा बिघडला, पुन्हा घ्यावा लागला. जाताना म्हणाले, की आता बायकोचं बोलणं ऐकावं लागेल, यंत्र परत घेता का? झालं समाधान? असं मी शेकड्यांनी सांगू शकतो.

वकीलबाईंनी शपथपत्राचा मसुदा केलाय. सव्वीसला सकाळी सही. तुझ्या दुसऱ्या सूचनेबद्दल: पुसायला फेकायला माझ्याकडे काही नाहीच, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

धाकटी चार दिवस गप्प गप्प आहे. तू तिला काही लिहिलं तर नाहीस ना? घरातली एकटी तीच माझ्या बाजूने आहे, तिला तरी राहू दे.

रागावलो असलो तरी
तुझाच,
धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
मनापासून आशीर्वाद, तुझे पूर्ण.

हे पत्र तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवतेय, घरी नको म्हणून. माफ कर. नवऱ्याच्या बहिणीने असं चोरून पत्र पाठवलं, की बहुतेक तिला दागिने हवे असतात. मला फक्त तुझे पाय हवेत.

आमच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत एक गृहस्थ आहेत. कधी हप्ता चुकवत नाहीत, कधी तक्रार करत नाहीत, अगदी आदर्श. कारण ते जन्मालाच आलेले नाहीत. आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना यादीत घालून ठेवलंय आणि पत्ता स्वतःच्या मेहुण्याचा दिलाय. एखादा एजंट यादी पळवून दुसरीकडे गेला, की त्याचं पत्र त्या मेहुण्याकडे पडतं आणि एजंट सापडतो. असे दोन सापडलेले मी पाहिलेत.

नोटिशीला जोडलेल्या कार्डावर स्टेशनमास्तरांचा पत्ता आहे, खाली लिहून दिलाय. तुमच्या घरापासून दोन बस लागतील. तू घरोघरी रक्त घ्यायला जातेसच. एकदा तिथे जाऊन हे गृहस्थ कुठे आहेत एवढं विचार. खोटं काही बोलू नकोस, आपल्या घरात तो कोटा भरत आलाय.

माझी शंका खोटी ठरली तर मी जन्मभर त्याची बोलणी खाईन, आनंदाने.
तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

ती. वन्सं,
नमस्कार वि. वि.

काल माझी आठवड्याची सुट्टी होती, जाऊन आले. तिसरा मजला, दारावर वेगळ्याच माणसाची पाटी. एका बाईंनी दार उघडलं. माझी रक्ततपासणीची बॅग बघून आधी म्हणाल्या, की आमच्याकडे कोणी आजारी नाही. मी स्टेशनमास्तरांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, की असे कोणी इथे राहत नाहीत आणि कधी राहत नव्हते, पण त्यांच्या नावाने कधीमधी पत्र येतं, ते आमचे हे कचेरीत साहेबांना नेऊन देतात. त्यांचे हे म्हणजे साहेबांच्या फर्मचे हिशेबनीस.

वन्सं, आणखी दोन गोष्टी आहेत. त्या त्यांनी तुम्हाला कळवल्या नसणार.

गेल्या महिन्यात दुकानात गायनवर्गाचे एक मास्तर आले होते. डावा कान अधू आहे हे त्यांनी शिष्यांना कळू दिलं नव्हतं. कार्ड त्यांच्या वर्गाच्या दारात पडलं, एका शिष्याने सगळ्यांदेखत मोठ्याने वाचलं. निम्मे शिष्य गेले. ते भांडले नाहीत हो, कार्ड टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी मी डबा द्यायला तिथेच होते. हे मला म्हणाले, की म्हातारा तिरसट आहे. पण त्या रात्री जेवले नाहीत.

दुसरी गोष्ट, साखरेच्या डब्यात मला पेनड्राइव्ह सापडला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी सगळी माहिती त्यावर उतरवून आणली होती, म्हणजे सगळ्यांचीच, यांनी कधी पाहिलीही नाहीत अशा माणसांचीसुद्धा. मी विचारलं तर म्हणाले, की पुलावरून नदीत टाकतो, विषय संपला. मी तो माझ्या बॅगेत नळ्यांच्या मध्ये ठेवलाय, म्हणून सुट्टीतही बॅग बरोबर असते. शोधत असतील, पण रक्ताच्या नळ्यांना ते हात लावत नाहीत, बघून चक्कर येते.

मी त्यांच्या बाजूनेच आहे, वन्सं. म्हणून तर हे लिहितेय. सव्वीस तारीख जवळ आली. तुम्हीच काय ते सांगा, माझं ऐकून ते फक्त ओरडतात.

तुमची माया आहे, ती या घरावर राहू द्या.
धाकटी

२३ फेब्रुवारी

धाकट्या,
मायने गेले खड्ड्यात. हे टपालाने नाही, आमच्या कचेरीची गाडी तिकडे येतेय, चालकाच्या खिशात देतेय. तुझ्या हातात पडेपर्यंत तो परतणार नाही असं कबूल करून घेतलंय.

तुझे स्टेशनमास्तर नाहीत. वारले नाहीत, गाव सोडून गेले नाहीत; ते कधी नव्हतेच. तो पत्ता साहेबांच्या हिशेबनिसाचा आहे. यादी कोणी पळवली तर कळावं म्हणून साहेबांनी कागदावर उभा केलेला माणूस तो. त्याला कार्ड लिहायचं तर ते यादीतूनच लिहिता येतं. जो नव्हता त्याला कोणी लक्षात कसा ठेवेल?

आणि तू त्याला मफलर घातलास. घड्याळ दिलंस. गुदगुल्या केल्यास. बायकोसुद्धा करून दिलीस, तिची बडबडही. मी ते पत्र वाचून हसले आणि मग मला घाम फुटला. कारण हेच तू कोर्टात सांगणार होतास. सव्वीसला तू सही केलीस, की साहेबांचा वकील उठून एकच प्रश्न विचारेल, हे गृहस्थ तुम्हाला आठवतात का? आणि तू म्हणशील, हो, करडा मफलर.

सही करू नकोस. आजच वकीलबाईंकडे जा आणि पहिल्यापासून खरं सांग. त्या ओरडतील, ओरडू दे. खरं सांगणाऱ्याला वाचवायचं कसं हे त्यांना तरी ठाऊक असेल. पेनड्राइव्ह धाकटीकडे आहे. तिच्यावर आवाज चढवलास तर मी स्वतः साक्षीला उभी राहीन, साहेबांच्या बाजूने.

गायनमास्तरांचं मला कळलंय. त्याबद्दल काही लिहीत नाही. तुला त्या रात्री जेवण गेलं नाही, म्हणून अजून तुला पत्र लिहितेय.
ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताई,
नमस्कार.

गाडीवाला समोर उभा होता, मी वाचून खाली बसलो, तर त्यानेच मला पाणी आणून दिलं. सगळ्यात भयंकर काय सांगू? तो मफलर मला खरंच आठवत होता ग. दुसऱ्या कोणाचा तरी असेल. लिहिता लिहिता मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शपथपत्र टराटरा फाडलं आणि म्हणाल्या, की माझी सनद घालवायला निघाला होतात. मग मऊ झाल्या. आता तडजोडीचं बोलायचं तर आपल्या हातात काहीतरी हवं, म्हणाल्या.

काहीतरी आहे, ताई. म्हणूनच झोप नाही. त्यांच्यासमोर पेनड्राइव्ह उघडला तेव्हा मी स्टेशनमास्तरांचा आलेख पहिल्यांदा नीट पाहिला. माणूस खोटा आहे, पण कान खोटा नाही. असा आलेख बसल्या जागी रचता येत नाही, कुठेतरी चूक राहतेच. हा एका जिवंत माणसाचा आहे. आणि तो कोणाचा हे मला कळलं. अकरा वर्षं मी त्या माणसाला उजवी बाजू भिंतीकडे करून बसताना पाहिलंय. फोन कायम डावीकडे. उजवीकडून हाक मारली तर रागावल्यासारखं करायचं, म्हणजे ऐकू आलं नाही हे कळत नाही. हे बाहेर फुटलं तर कानाच्या धंद्यात त्याचं हसं होईल. नाव तुलाही लिहीत नाही.

वकीलबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी आनंदाने मेजावर थाप मारली असती. मी तोंड उघडलंच होतं. धाकटी शेजारी होती, ती नुसतं एवढंच म्हणाली, की हेही कोणाचं तरी कार्डच ना? आणि मला ते मास्तर जिना उतरताना दिसले.

नाही सांगितलं. उद्या कोर्टात जाण्याऐवजी वकीलबाईंना घेऊन साहेबांकडे जातोय. दुकान राहील असं वाटत नाही. आशीर्वाद उरले असतील तर पाठव.
धाकटा

२ मार्च

ती. ताई,
साष्टांग नमस्कार. दोन्ही हात जागेवर आहेत, बेड्या नाहीत.

साहेबांच्या काचेच्या खोलीत मेजापलीकडे दोन खुर्च्या असतात. वकीलबाई साहेबांच्या उजव्या हाताच्या खुर्चीकडे मला ढकलत होत्या. मी वळसा घालून साहेबांच्या डाव्या हाताला जाऊन बसलो आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. कधी उतरवून घेतलं, कुठे ठेवलं, कोणाकोणाला कार्डं गेली, आणि शपथेवर खोटं लिहायच्या बेतात होतो हेही. पेनड्राइव्ह मेजावर ठेवला. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. त्यांना कळलं, ताई. मला कळलंय हे त्यांना कळलं. दोघंही त्यावर एक शब्द बोललो नाही.

तू म्हणशील, मग विरघळले असतील. छे! अटी अशा: त्यांचं जुनं गिऱ्हाईक दोन वर्षं घ्यायचं नाही, आपणहून जिना चढून आलं तरी परत पाठवायचं. ज्यांना कार्डं गेली त्या प्रत्येकाची माफी, हाताने लिहून, बंद पाकिटात, माझ्या खर्चाने. वकिलाचा खर्च माझ्याकडून, हप्त्यांनी. त्या बदल्यात ते दावा मागे घेतील. दुकानाची पाटी राहील. वकीलबाई म्हणाल्या, की फार स्वस्तात सुटलात, आणि का ते मला कळत नाहीये.

निघताना मी चुकून आभार मानायला लागलो. साहेबांनी खुर्ची फिरवली आणि उजवा कान माझ्याकडे केला. म्हणजे बोलणं संपलं.

पहिलं पाकीट गायनमास्तरांना स्वतः नेऊन दिलं. त्यांनी घेतलं, दार लावलं. बस्स. आत पेटीवर कोणीतरी एकच सूर धरून बसलं होतं.

जिन्यावर आता रांग नाही. काल तिघांना परत पाठवलं. एक आजोबा ऐकेनात, त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय म्हणून असं ऐकू येतंय.

तुझी माया या दोन वर्षांना पुरेल एवढी ठेव.
तुझा,
धाकटा

५ मार्च

चि. सौ. धाकटीस,
भरभरून आशीर्वाद.

त्याचं पत्र आलं. कोणाचा कान ते मी विचारलेलं नाही आणि मला काही कळलेलं नाही, असंच तू समज. त्याचे राखून ठेवलेले आशीर्वाद आजच्याच टपालाने सगळे रवाना केलेत. तू दोन शब्दांत जे केलंस ते मला इतकी पानं खरडून जमलं नाही, हे मी फक्त इथे लिहितेय, पुन्हा कुठे कबूल करणार नाही.

आता आपल्या दोघींतलं. त्या पत्त्यावर गेलीस तो तुझा आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस होता, आणि तो मी न विचारता खर्च केला. येत्या सुट्टीला मी पहिल्या बसने येते. पाकिटं तो लिहील, मी बंद करीन, भाचीला फिरवून आणीन, भांडी मी घाशीन. तू दार लावून झोप. जेवायलासुद्धा कोणी उठवणार नाही. त्याने विचारलं तर सांग, ताईला सहज यावंसं वाटलं.

तुझी,
ताई